रँक मराठीत सांगता येत नाही म्हणे!

उच्च गणित मराठीत मांडता येत नाही, हे विधान आपल्याकडे इतक्या निर्धास्तपणे केले जाते की त्याला पुरावा मागण्याची प्रथाच उरलेली नाही. गणिताचे प्राध्यापक ते विधान करतात, आणि मराठीचे प्राध्यापक मान डोलावतात. एरवी कोणत्याही प्रश्नावर ज्यांचे एकमत होत नाही अशा या दोन वर्गांचे येथे मात्र झटकन एकमत व्हावे, यातच आम्हांला संशयाला जागा दिसते. गणितवाल्यांची त्यामुळे लिहिण्यापासून सुटका होते आणि मराठीवाल्यांची समजून घेण्यापासून. सोयीचे एकमत हे बहुधा तपासून पाहिलेले नसते.

आम्ही मराठीचे अध्यापन करणारे काही जण. आमचे म्हणणे असे की मराठीत अडते ते शब्दांपाशी अडत नाही, वाक्यांपाशी अडते. आणि वाक्ये घडवणे हे तर आमचेच काम. हे म्हणणे नुसते बोलून दाखवण्यात अर्थ नाही. म्हणून आम्ही मुद्दाम एक अशी कल्पना निवडली आहे की जिला मनोरंजक गणिताचा वास नाही, जी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आणि विज्ञानाच्या पदवीला असते, आणि जी मराठीतून सांगता येईल अशी अपेक्षा सहसा कोणी करत नाही. ती म्हणजे सारणीची रँक.

शब्दांचे भांडण

प्रथम शब्दांचा निकाल लावू. कारण आपल्याकडे चर्चा सुरू होते ती तेथे आणि संपतेही तेथेच. 'मॅट्रिक्स'ला आव्यूह म्हणावे की सारणी? 'रँक'ला काय म्हणावे? 'कोटी' म्हणावे तर हिंदीतील शालेय पाठ्यपुस्तकांत 'आव्यूह की कोटि' याचा अर्थ वेगळाच आहे: किती ओळी आणि किती स्तंभ, एवढेच ती कोटी सांगते. शिवाय मराठीत कोटी म्हणजे शंभर लाख, कोटी म्हणजे प्रकार आणि कोटी म्हणजे शाब्दिक विनोद. 'दर्जा' म्हणावे तर उच्चनीचतेची छटा येते, आणि रँकेत उच्चनीच असे काही नाही.

आता हे शब्द जेथे जन्मले तेथे काय घडले ते पाहू. इंग्रज गणितज्ञ सिल्व्हेस्टर याने १८५० मध्ये 'मॅट्रिक्स' हा शब्द योजला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गर्भाशय. संख्यांच्या त्या चौकटीतून काही ओळी आणि काही स्तंभ वगळत गेले की तिच्यातून अनेक निश्चयक जन्माला येतात, म्हणून ते नाव. (निश्चयक हा शब्द आपल्या दहावीच्या गणितात आहे, आणि तो मुलांना जड गेल्याची तक्रार आमच्या कानी आलेली नाही.) 'रँक'साठी फ्रोबेनियसने १८७९ मध्ये 'रांग' असा उच्चार असलेला जर्मन शब्द वापरला. आपल्या 'रांगे'शी त्याचे नाते असल्याचा आमचा दावा नाही. पण तो सैन्यातल्या शिपायाला आणि कचेरीतल्या कारकुनाला ठाऊक असलेला साधा शब्द होता, हे महत्त्वाचे. त्याला गणिती अर्थ चिकटला तो भोवतालच्या वाक्यांमुळे. फ्रोबेनियस शब्द सुचवून थांबला असता तर तो शब्द आज कोणाला आठवलाही नसता.

आपल्याकडे परिभाषा कोश आहेत. त्या कोशांतले शब्द ज्यांत सहज वावरतील अशी पाने मात्र नाहीत. पानांवाचून कोश म्हणजे नाटकावाचून पात्रांची यादी. म्हणून आम्ही येथे 'सारणी' आणि 'रँक' असे एक देशी आणि एक परदेशी नाव बिनदिक्कत घेतो आणि पुढे जातो. ज्याला दुसरे शब्द आवडतात त्याने ते खुशाल घालावेत. वाक्य मोडणार नाही.

पाढे आणि फराळाचे डबे

एक ते दहाचे पाढे चौकटीत मांडले की दहा ओळी आणि दहा स्तंभांची सारणी होते. तीत शंभर संख्या असतात, आणि आपल्यापैकी कित्येकांचे बालपण त्या शंभर संख्या घोकण्यात गेले आहे. परंतु दुसरी ओळ म्हणजे पहिलीची दुप्पट, सातवी म्हणजे पहिलीची सातपट. पहिली ओळ ठाऊक असली की उरलेल्या नऊ ओळींत नवे काही नाही. या सारणीची रँक एक. तिच्याखाली जुन्या शाळांतली पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी लिहून काढली तरी रँक एकच राहते. कारण पहिल्या ओळीची साडेतीनपट ही देखील पटच.

याउलट दहा ओळी आणि दहा स्तंभांची अशी सारणी घ्या की पहिल्या ओळीत पहिल्या जागी एक, दुसरीत दुसऱ्या जागी एक, तिसरीत तिसऱ्या जागी, आणि बाकी सर्वत्र शून्य. शंभरापैकी नव्वद जागा शून्याने भरलेल्या. दिसायला ही सारणी दरिद्री. पण तिची रँक दहा. तिची प्रत्येक ओळ असे काही सांगते की जे उरलेल्या नऊ जणी मिळूनही सांगू शकत नाहीत.

तेव्हा रँकेची व्याख्या अशी: सारणीतल्या जास्तीत जास्त किती ओळी अशा निवडता येतात की निवडलेल्यांपैकी कोणतीही ओळ ही निवडलेल्या बाकीच्या ओळींच्या पटी घेऊन आणि त्यांची बेरीज-वजाबाकी करून मिळत नाही, ती संख्या. (निव्वळ शून्यांची ओळ निवडायची नाही.) पुनरुक्ती वगळल्यावर जे उरते त्याची ही मोजणी आहे. किती पाने भरली याच्याशी तिला कर्तव्य नाही. मराठीत दरवर्षी प्रकाशित होणाऱ्या पुस्तकांची रँक किती, असा प्रश्न येथे कोणाच्याही ओठांवर येईल. ती कोटी करण्याचा मोह आम्ही आवरतो.

वर्गात हे कसे शिकवले जाते? सारणीच्या ओळींवर ठरावीक क्रिया करा, ती पायऱ्यांच्या रूपात आणा, ज्या ओळी शून्य झाल्या नाहीत त्या मोजा. पाच गुणांचे उदाहरण पाच मिनिटांत सुटते. पण ओळींऐवजी स्तंभ मोजले तर काय होईल, असे विचारले की उत्तर येते, 'तेवढेच येतात.' का येतात, असे विचारले की शांतता. आमच्यापैकी एकाने आपल्या महाविद्यालयात हा प्रश्न पदवीच्या वर्गातल्या हुशार मुलांना विचारून पाहिला. त्यांना उदाहरण सोडवता येत होते. आपण काय मोजले हे सांगता येत नव्हते. आणि हे इंग्रजीतून शिकलेल्या मुलांचे! ज्या भाषेत म्हणे सर्व काही सांगता येते, त्या भाषेतही हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

वास्तविक हा प्रश्न आश्चर्याचा आहे. ओळी एका गोष्टीविषयी बोलतात, स्तंभ दुसऱ्याच. पाच ओळी आणि चार स्तंभ असलेल्या सारणीत स्वतंत्र ओळींची संख्या आणि स्वतंत्र स्तंभांची संख्या नेमकी जुळावी, याला काय कारण? कारण आहे, आणि ते दिवाळीच्या दुकानात सापडते.

एक दुकानदार फराळाचे दोनच प्रकारचे डबे विकतो. तिखट डब्यात चिवड्याची २, चकलीचे १ आणि शेवेचे १ पाकीट असते, लाडू नसतात. गोड डब्यात चिवड्याचे १, शेवेचे १ आणि लाडवांची ३ पाकिटे असतात, चकली नसते. पाच गिऱ्हाइके येतात आणि आपापल्या मनाप्रमाणे डबे नेतात. दुकानदार वहीत डबे लिहीत नाही, पाकिटे लिहितो. चिवडा, चकली, शेव, लाडू या क्रमाने त्याची वही अशी दिसते:

पहिले गिऱ्हाईक: २, १, १, ०
दुसरे: १, ०, १, ३
तिसरे: ३, १, २, ३
चौथे: ५, २, ३, ३
पाचवे: ८, ३, ५, ६

पहिल्याने एक तिखट डबा नेला, दुसऱ्याने एक गोड, तिसऱ्याने एकेक, चौथ्याने दोन तिखट आणि एक गोड, पाचव्याने तीन तिखट आणि दोन गोड. प्रत्येक ओळ दोन डब्यांच्या ओळींपासून बनलेली आहे, म्हणून स्वतंत्र ओळी दोनच. आता वही उभी वाचा. शेवेचा स्तंभ कसा बनला? प्रत्येक डब्यात शेव एकदा असते. म्हणून शेवेचा स्तंभ म्हणजे 'कोणी किती तिखट डबे नेले' हा स्तंभ अधिक 'कोणी किती गोड डबे नेले' हा स्तंभ. चिवड्याचा स्तंभ म्हणजे पहिल्याची दुप्पट अधिक दुसरा. चकलीचा म्हणजे नुसता पहिला. लाडवांचा म्हणजे दुसऱ्याची तिप्पट. वहीत न लिहिलेल्या या दोन स्तंभांतूनच चारही स्तंभ निघतात. म्हणून स्वतंत्र स्तंभ दोनांहून अधिक असूच शकत नाहीत.

हीच सिद्धता, आणि ती कोणत्याही सारणीला लागू पडते. स्वतंत्र ओळी जितक्या, तितके 'डबे' माना. प्रत्येक ओळ त्या डब्यांची बनलेली. म्हणून प्रत्येक स्तंभ 'कोणत्या ओळीत कोणता डबा किती वेळा' या तितक्याच स्तंभांचा बनलेला. म्हणजे स्वतंत्र स्तंभ हे स्वतंत्र ओळींहून अधिक नाहीत. आता सारणी आडवीची उभी करा आणि तोच युक्तिवाद पुन्हा करा: स्वतंत्र ओळीही स्वतंत्र स्तंभांहून अधिक नाहीत. दोन्ही संख्या समान.

त्याच वहीतून आणखी एक गुणधर्म हाती येतो. प्रत्येक ओळीत चिवड्यातून चकली वजा केली की शेव येते. प्रत्येक ओळीत शेवेतून चकली वजा करून तिप्पट केली की लाडू येतात. स्तंभांना बांधणारे असे स्वतंत्र नियम दोन, रँक दोन, बेरीज चार, म्हणजे स्तंभांच्या संख्येइतकी. ही बेरीज प्रत्येक सारणीत जमते. जितके स्वातंत्र्य कमी, तितके नियम अधिक, आणि हिशेब काट्याने चुकत नाही. सारण्यांच्या गुणाकाराचेही तसेच. दोन सारण्यांचा गुणाकार केला तर त्याची रँक दोहोंतल्या लहान रँकेपुढे जाऊ शकत नाही. जो मजकूर एकदा अरुंद गळ्यातून गेला, तो पुढे कितीही रुंद भांड्यात ओतला तरी गमावलेले परत मिळत नाही.

आता आम्ही विचारतो: वरच्या परिच्छेदांत मराठी कोठे तोकडी पडली?

'आमचे गणित कच्चे'

साहित्यिकांचा अपराध गणितवाल्यांहून कमी नाही. 'आमचे गणित पहिल्यापासून कच्चे' हे वाक्य सत्कारसमारंभांत हसत हसत उच्चारले जाते आणि सभागृहही हसून दाद देते. 'आमचे वाचन पहिल्यापासून कच्चे' असे एखादा गणितज्ञ व्यासपीठावरून म्हणाला तर त्याला असंस्कृत ठरवायला आपण मागेपुढे पाहणार नाही. अज्ञानाचे हे एकतर्फी आभूषण उतरवून ठेवण्याची वेळ आलेली आहे.

मराठी साहित्यविश्वात गणितावर हिरीरीने वाद झाल्याचा अलीकडचा प्रसंग २०१९ चा. दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे संख्यावाचन आले आणि महाराष्ट्र ढवळून निघाला. तेव्हा अभ्यास मंडळाच्या अध्यक्ष असलेल्या मंगला नारळीकर यांनी त्यामागची शैक्षणिक कारणे परोपरीने समजावून सांगितली. भाषेच्या सौंदर्यावर, परंपरेवर, अस्मितेवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. दशमान पद्धतीत अंकाच्या स्थानाचा आणि त्याच्या उच्चाराचा क्रम उलटा असला तर मुलाच्या डोक्यात काय घडते, या मूळ प्रश्नावर त्या मानाने फारच थोडे. एकवीसचा उच्चार कसा करावा याविषयी कोणाचेही मत काही असो. वाद नावापाशी सुरू होऊन नावापाशीच संपला, ही आमची तक्रार आहे.

दुसऱ्या टोकाला गणिताचे शब्द दागिन्यांसारखे अंगावर घालणारी समीक्षा आहे. १९९६ मध्ये पदार्थवैज्ञानिक ॲलन सोकल याने 'सोशल टेक्स्ट' या अमेरिकन नियतकालिकात गणित-विज्ञानाच्या भाषेने नटलेला एक निरर्थक लेख छापून आणला आणि मग ती थट्टा असल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी ब्रिकमाँ याच्यासह लिहिलेल्या पुस्तकात त्याने लाकाँ, क्रिस्तेवा आदींच्या लेखनातला गणिती शब्दांचा गैरवापर उघड केला. आपल्याकडेही राजकारणातली 'समीकरणे' रोज बदलतात. त्यांत बरोबरचे चिन्ह कोठे असते हे कोणी विचारत नाही. रूपकाला आमचा विरोध नाही, आम्ही साहित्याचेच विद्यार्थी आहोत. पण वस्तू ठाऊक असल्यावाचून केलेले रूपक फसवे असते, ही शिकवण आम्ही कवितेच्या तासाला देतो. ती गणितालाही लागू आहे.

भाषेचे काय जाते?

'हे सारे ठीक, पण मराठीच्या प्राध्यापकाला रँक कशाला हवी?' असे आम्हांला विचारले जाते. उत्तर असे की भाषाच आता रँकेच्या गळ्यातून जाऊ लागली आहे.

१९९० मध्ये डिअरवेस्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मजकुराचा शोध घेण्याची एक पद्धत मांडली. ओळींवर शब्द, स्तंभांवर लेख, आणि चौकटीत तो शब्द त्या लेखात किती वेळा आला ती संख्या. अशा प्रचंड सारणीऐवजी तिच्या जवळात जवळची, पण रँक पुष्कळ लहान असलेली सारणी वापरायची. प्रत्यक्षातली कोणतीही वही फराळाच्या वहीइतकी नीटस नसते. पाचव्या गिऱ्हाइकाने चकलीचे एक पाकीट सुटे घेतले की रँक दोनाची तीन होते. पण ते एक पाकीट नजरेआड केले तर वही जवळजवळ दोन रँकेचीच आहे. किती आणि काय नजरेआड केले असता चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी राहते, याचे उत्तर एकार्ट आणि यंग यांनी १९३६ मध्येच दिले होते.

२०२१ मध्ये हीच युक्ती भाषा लिहिणाऱ्या यंत्रांना नवे काही शिकवण्यासाठी वापरली गेली. अशा यंत्राच्या पोटात अनेक सारण्या असतात. समजा, त्यांतली एक ४,०९६ ओळी आणि तितक्याच स्तंभांची आहे. म्हणजे तीत १,६७,७७,२१६ संख्या आहेत. त्या सगळ्या बदलत बसण्याऐवजी बदलाची सारणी आठ रँकेची आहे असे धरून चालायचे. मग दोन चिंचोळ्या सारण्या पुरतात: एक ४,०९६ बाय ८ आणि दुसरी ८ बाय ४,०९६. एकूण संख्या ६५,५३६, म्हणजे मुळाच्या दोनशेछप्पन्नाव्या हिश्श्याइतक्या. आठ डबे, आणि कोणाला किती डबे याचा हिशेब. दुकानदाराची वहीच ही.

आता साहित्याचा प्रश्न उभा राहतो. रँक लहान केली की काय गळते? चुकांच्या वर्गांची बेरीज कमी ठेवायची तर जे वारंवार येते ते राखले जाते आणि जे विरळ येते ते प्रथम सोडले जाते. शब्दांना वजने कशी दिली यावर बरेच अवलंबून असते, हे खरे. पण वजने द्यायची आहेत हे ज्याला ठाऊकच नाही तो ती मागणार कशी? मराठी मजकुराच्या ढिगात प्रमाणभाषा मुबलक. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी विरळ. सुट्या घेतलेल्या चकलीच्या पाकिटासारखा एखादा शब्द एखाद्याच बोलीत, एखाद्याच लेखिकेच्या कथेत असतो. तो राखायचा की नजरेआड करायचा, हा निर्णय 'रँक किती ठेवायची' आणि 'वजने कशी द्यायची' अशा रूपात कोणीतरी घेत असतो. निर्णय भाषेचा, वाङ्मयाचा. आणि तो घेताना मराठीचा एकही प्राध्यापक खोलीत नसतो. बोलावले तरी त्याला प्रश्न कळणार नाही, आणि 'आमचे गणित कच्चे' हे वाक्य तेथे कोणाला हसू आणणार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद आम्हांलाही झाला. त्याआधी २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची परवानगी दिली होती. दर्जा आला, परवानगी आली. राहिले आहे ते गद्य, आणि ते कोणताही शासननिर्णय आणून देऊ शकत नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठीत 'शून्यलब्धिगणित' लिहिले, तेव्हा मराठीला दर्जाही नव्हता आणि परिभाषा कोशही. 'दर्पण' काढणारा संपादक कलनावर लिहितो, यात त्या पिढीला विसंगत असे काही वाटले नाही.

आमची मागणी लहान आहे. प्रत्येक महाविद्यालयातल्या मराठीच्या एका प्राध्यापकाने गणिताच्या एका प्राध्यापकाशेजारी बसून वर्षभरात एक सिद्धता लिहावी. सूत्रांचा अनुवाद नको. ते का, याचे उत्तर देणारी चार पाने हवीत. सुरुवात म्हणून वाचकांनी वरची डब्यांची सिद्धता आपल्या परिचयाच्या गणिताच्या शिक्षकाला वाचून दाखवावी आणि ती कोठे चुकते ते विचारावे. चुकत नसेल, तर ती वर्गात अशी का सांगितली जात नाही, हेही विचारावे.